ताई, आमच्या पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) रिपोर्ट कार्ड भरायला शिकवलंत त्याबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार.

हे फोनवर पण बोलता आलं असतं, पण तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय. रागावू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात सरकारी दवाखान्यावर लोकांनीच लक्ष ठेवायचं अशी सोय होती आणि महाराष्ट्रात 2007 ला ती खरंच सुरू झाली, पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत. लोकाधारित देखरेख म्हणतात त्याला. पुण्याची साथी संस्था राज्याचं समन्वयाचं काम बघायची आणि खाली गावोगाव फिरायला तुमच्यासारखी माणसं. नाव जड आहे पण काम म्हणजे गावात बसून विचारायचं कुठली सेवा मिळते कुठली नाही, आणि त्याप्रमाणे कार्डावर हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा.

त्याआधी आमच्याकडं दवाखान्याबद्दल दोनच मतं होती. एक, "काय उपयोगाचा नाही तो", दोन, "डॉक्टर देवमाणूस आहे". दोन्ही पारावर बसून, आणि दोन्हीचा उपयोग शून्य. तुम्ही पहिल्याच मिटिंगला विचारलंत, उपयोगाचा नाही म्हणजे नेमकं काय? कुत्रं चावल्याचं इंजेक्शन नव्हतं, का होतं पण बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली, का पहिला डोस दिला आणि पुढच्या तारखाच कुणी सांगितल्या नाहीत? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं, असं म्हणालात. मला तर वाटतं सगळं ट्रेनिंग त्या एका प्रश्नातच झालं.

मग प्रत्यक्ष दवाखान्यात. औषधांच्या खोलीत एक्स्पायरी कशी बघायची, जुना साठा पुढं लावलाय का मागं. लसीचा फ्रिज 2 ते 8 डिग्रीत पाहिजे आणि तापमान रोज दोनदा लिहायचं असतं हे आम्हाला कुठं माहीत, तुम्ही रजिस्टर उघडून नुसतं आमच्यासमोर धरलंत, आख्ख्या आठवड्याचे आकडे एका पेनानं एका बैठकीत लिहिलेले, आपल्या पोरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वही पूर्ण करावी तसे. कुणी काही बोललं नाही, फार्मासिस्टच हसायला लागला. आणि सापाचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींवर चालते, म्हणजे "कुठला साप होता ते माहीत नाही" म्हणून पेशंटला तसाच पुढं पाठवायचं कारण उरत नाही, हे आमच्या भातखाचरातल्या माणसांना कळणं किती गरजेचं होतं. तेव्हापासून भात लावायच्या आधी कुणीतरी जाऊन विचारून येतं, लस किती बाटल्या आहेत.

पण सगळ्यात जास्त आभार सिस्टरच्या गोष्टीसाठी. लसीकरणाला लाल रंग द्यायचा म्हणून सगळे तयार होते, चिडलेलेच होते. तुम्ही म्हणालात आधी तिला पण विचारा. विचारलं तर कळलं शेजारच्या उपकेंद्राचं पद रिकामं, दोन्हीकडचं तीच करतेय आणि वर ऑनलाईन एन्ट्री. डोंगरी भागात एका उपकेंद्राला साधारण 3000 लोक धरतात, इथं दुप्पट. मग लाल रंग दिला, पण पुढं लिहिलं "पद भरलेलं नाही", तिचं नाव नाही. ती रडली त्या दिवशी. दवाखाना चांगला का वाईट हे ठरवताना डॉक्टरच्या हातात काय आहे, जिल्ह्याच्या स्टोअरच्या हातात काय आहे आणि मुंबईत बसून काय अडलंय हे वेगळं काढायचं, ही सवय तुमची.

जनसुनवाईत, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या सभेत, मी मागच्या रांगेत होतो. ज्या बाईकडून बाळंतपणाला गाडीचे पैसे घेतले होते तिनं माईक हातात घेतला, आवाज कापत होता, पण 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, गाडी सगळं फुकट आहे हे तिला तुम्हीच सांगितलेलं आणि तिनं ते टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेबांनी कागद मागितला, कागद होता, पैसे परत मिळाले. तिच्या सासूनं नंतर टाळ्या वाजवल्या, त्याच सासूनं जाताना "कशाला नसती भानगड" म्हणलेलं.

काही लोक म्हणतात आता सरकारचं एनक्यूएएस आहे, म्हणजे दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं, बाहेरून असेसर (तपासणारे) येतात, 70 टक्के मार्क पडले तर सर्टिफिकेट, मग गावाची काय गरज. चांगलंच आहे ते, पेशंटला विचारायचं त्यात पण असतं. पण असेसर येणार म्हणून भिंती रंगवता येतात, आणि ज्याला मंगळवारी रात्री दीड वाजता कुलूप दिसलं तो असेसरला भेटायला येत नाही, तो आमच्या आळीत राहतो.

आत्ताची परिस्थिती: औषधसाठ्याचा फलक दारातच लागलाय, रात्रीच्या सेवेला कार्डावर अजून पिवळाच रंग आहे, डॉक्टर मॅडम नवीन आहेत आणि फॉर्म बघून चिडल्या नाहीत, उलट एक कॉपी त्यांनीच ठेवून घेतली. त्यावरून आठवलं, तुमच्याकडं त्या फॉर्मची मूळ प्रत असेल तर व्हॉट्सॲपला टाका, इथली झेरॉक्सची झेरॉक्स करून इतकी फिकट झालीय की बाळंतपणाचे प्रश्न वाचताच येत नाहीत. आणि देखरेख समितीची मिटिंग पुढच्या महिन्यात आहे, जेवायला आमच्याकडंच यायचं.