निवृत्तांना सत्कार नको, ठरलेले काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत ज्येष्ठांविषयी जे छापून येते, त्यात पेन्शन, आजारपण, एकटेपणा आणि फसवणूक हेच विषय प्रामुख्याने असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण ज्यांच्या हातात तीस-पस्तीस वर्षांचे काम मुरलेले आहे, त्या माणसांचा तरुण पिढीला काय उपयोग होईल, याची चर्चा होते ती १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी. त्या दिवशी ‘अनुभवाचा लाभ नव्या पिढीला मिळायला हवा’ असे प्रत्येक वक्ता सांगतो. टाळ्या पडतात. कोणाचा लाभ कोणाला, कुठे, कोणत्या वारी आणि किती वाजता, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि वर्षभर सगळे तिथेच अडून राहते.

माझ्या ओळखीतल्या निवृत्तांमध्ये इच्छेचा तुटवडा मला कधी दिसलेला नाही. हिशेबनीस आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, वेल्डर आहेत. त्यांतले कितीतरी जण शाळेत किंवा एखाद्या संस्थेत जाऊन ‘काही मदत लागली तर सांगा’ असे म्हणून आले आहेत. उत्तर ठरलेले असते : ‘जरूर या, कधीही या.’ एवढ्या आमंत्रणावर माणूस एकदा जातो, कार्यालयात चहा घेतो, कोणाला अडचण नको म्हणून परततो आणि पुन्हा जात नाही. मग ‘ज्येष्ठांना आता रस राहिलेला नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो त्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

मी कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालो. सध्या एका प्रशिक्षण कार्यशाळेत शिकाऊ मुलांसोबत ठरलेल्या सकाळी असतो. मध्यंतरी एक मुलगा पंप आणि तो चालवणारी मोटार यांचे अलाइनमेंट करत होता, म्हणजे दोघांचे फिरणारे दांडे (शाफ्ट) एका रेषेत आणत होता. डायल गेज हे काट्याचे मापयंत्र लावून त्याने शाफ्ट व्यवस्थित जुळवले. पण मोटारीचे बोल्ट आवळले की रीडिंग बिघडायचे. पुन्हा सैल करायचे, पायाखालची पातळ पट्टी (शिम) बदलायची, पुन्हा आवळायचे. बराच वेळ हे चालले होते आणि शेवटी वैतागून तो म्हणाला, “सर, हा गेजच खराब आहे.” मी म्हटले, “चारही बोल्ट आवळलेले राहू दे. आता एकेक सैल कर, काटा बघ आणि परत आवळ.” पहिल्या दोन बोल्टांना काटा जागचा हलला नाही. तिसऱ्याला झटकन सरकला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि न सांगता फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा, उचलला. त्या बोल्टाच्या पायाखाली त्याचे पान सहज आत गेले. मोटारीचा तो पाय बैठकीवर टेकलेलाच नव्हता. बोल्ट आवळला की मोटारीचा सांगाडा पिळला जायचा आणि शाफ्ट जागेवरून हटायचा. तेवढ्या फटीची शिम सरकवल्यावर काम जमले.

यात मी फार काही शिकवले असे नाही. हे सगळे पुस्तकात आहे, आणि त्याच्या निदेशकांना ते माझ्याइतकेच ठाऊक आहे. पण समोर अख्खी तुकडी असलेल्या निदेशकाला एकाच मुलाच्या शेजारी तासभर गप्प उभे राहणे परवडत नाही. मला परवडते. निवृत्त माणसापाशी तरुणांना देण्यासारखे काय आहे, असे विचारले की ‘शहाणपण’ हे उत्तर पटकन येते. माझ्या मते त्याआधी येते ते घाई नसणे. वडिलांना कामावरून उशीर होतो, आईला दोन पाळ्या, घरची आणि बाहेरची. शिक्षकांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. मुलाची चूक त्याची त्याला सापडेपर्यंत वाट पाहायला मोकळा माणूस हल्ली मिळतो कुठे?

जिथे ही गोष्ट मनावर घेतली गेली, तिथे ती भाषणांवर सोडलेली नाही. जर्मनीत निवृत्त तज्ज्ञांची एक संस्था १९८३ पासून बॉन शहरातून काम करते. व्यवसाय-प्रशिक्षण अर्धवट सोडणाऱ्या मुलांसाठी २००८ मध्ये तिने एक उपक्रम सुरू केला : अडचणीत असलेल्या एका शिकाऊ उमेदवारामागे एक निवृत्त माणूस. आधी त्या ज्येष्ठांना तयार केले जाते, मग जोडी लावली जाते. उमेदवाराला पैसे पडत नाहीत. मदत केवळ हत्यार कसे धरावे याची नसते. परीक्षेची धास्ती, मालकाशी झालेला खटका, सकाळी उठून कामावर जावेसेच न वाटणे, हेही त्यात येते. हे वाचले तेव्हा मला कार्यशाळेतली माझीच मुले आठवली. कामातली अडचण सांगायला आलेला मुलगा पुष्कळदा दुसरेच काही सांगून जातो.

अमेरिकेत लिंडा फ्राइड या वृद्धारोग्यतज्ज्ञ आणि सामाजिक उद्योजक मार्क फ्रीडमन यांनी १९९०च्या दशकात ‘एक्सपीरियन्स कोअर’ नावाचा कार्यक्रम उभा केला. त्याच्या बाल्टिमोर शहरातल्या रचनेत ६० वर्षांवरील माणसे प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास काम करत. एका शाळेत एकटे-दुकटे पाठवत नसत, गट पाठवत. म्हणजे एखादा आजारी पडला तरी काम खोळंबत नाही आणि नवख्याला अवघडल्यासारखे होत नाही. येण्याजाण्याचा खर्च भागेल इतके अल्प मानधनही मिळे. सुरुवातीच्या अभ्यासात मुलांचे वाचन सुधारलेले दिसलेच, शिवाय बेशिस्तीसाठी मुख्याध्यापकांकडे पाठवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्याही घटली. दुसरी बाजू ज्येष्ठांची. बाल्टिमोरच्या ७०२ जणांवरील मोठ्या अभ्यासाचा एक भाग म्हणून काहींच्या मेंदूचे स्कॅन केले गेले. स्मरणाशी संबंधित भाग या वयात दरवर्षी थोडा आक्रसतो; दोन वर्षे शाळेत काम केलेल्या पुरुषांमध्ये तो आक्रसणे थांबल्याचे, किंबहुना किंचित वाढल्याचे आढळले. शब्दकोडी सोडवा असा सल्ला आम्हाला उठसूट मिळतो. त्यापेक्षा दुसरीतल्या मुलाला वजाबाकी शिकवणे हा डोक्याला कितीतरी चांगला व्यायाम आहे, याबद्दल मला तरी शंका नाही.

झिम्बाब्वेचे उदाहरण मला सर्वांत जास्त विचारात पाडते. तिथे मनोविकारतज्ज्ञ अगदी मोजके. डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ मध्ये राजधानी हरारेत १४ आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात एक बाक, बाकावर आजी आणि तिच्यासमोर मन थकलेले कोणीतरी. येणाऱ्यांत तरुण पुष्कळ. आजीने उपदेश करायचा नाही, हे तिला शिकवलेले असते. समोरच्याने आपले सगळे प्रश्न मांडायचे, त्यांतला एक निवडायचा आणि त्यावर आपल्याला करता येईल असे पाऊल स्वतःच ठरवायचे. पुढच्या भेटीत त्याचे काय झाले ते सांगायचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनंतर लक्षणीय कमी असल्याचे दिसले. या आज्यांचे शिक्षण बेताचेच होते. त्यांच्यापाशी ऐकण्याची ताकद होती आणि ती नीट वापरता यावी म्हणून कोणीतरी त्यांना पद्धत दिली.

पद्धतीचा हा मुद्दा आम्हा ज्येष्ठांना रुचणार नाही, तरी मांडतो. अनुभव आहे म्हणून शिकवता येतेच असे नाही. मूल वाचताना एखाद्या शब्दाला अडले की मोठ्या माणसाच्या तोंडून तो शब्द आपसूक बाहेर पडतो. मूल तो ऐकते, पुढे जाते आणि पुढच्या पानावर त्याच शब्दाला पुन्हा अडते. तिथे थांबायचे, पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचे आणि वाट पाहायची, हे शिकून घ्यावे लागते. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य गिळून टाकणेही शिकावे लागते. तरुणांना आमच्या काळाच्या गोष्टी आवडतात, पण त्यांनी विचारल्यावर.

पैशाचे बोलायला संकोच नको. चांगली पेन्शन असलेला माणूस फुकट येईल. पण आयुष्यभर रोजंदारीवर घर चालवलेला गवंडी किंवा शिवणकाम करणारी बाई यांच्याकडचे कसब कमी मोलाचे नाही, आणि त्यांना बसभाडे व थोडे मानधन मिळाले नाही तर त्यांना येताच येणार नाही. मग ‘ज्येष्ठांचा सहभाग’ म्हणजे सुखवस्तू निवृत्तांचा सहभाग एवढेच उरेल. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यायला हवी. पुष्कळ जणींना निवृत्ती मिळतच नाही. नोकरी संपते आणि नातवंडांची जबाबदारी सुरू होते. त्यांच्यावर समाजसेवेचे आणखी एक ओझे टाकू नये. ज्या स्वतःहून येतील त्यांच्या वेळेनुसार काम आखावे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळांना वाटणारी काळजी रास्त आहे आणि ज्येष्ठांनी तिचा अपमान वाटून घेऊ नये. ओळखीची आणि पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी, काम उघड्या वर्गात किंवा सर्वांना दिसेल अशा जागी चालावे, शाळेबाहेर एकट्या मुलाची गाठ घेऊ नये. हे नियम पहिल्याच दिवशी लेखी दिले की कोणाच्याही मनात किंतू राहत नाही. तसेच, आम्हाला बोलावून शिक्षकांच्या रिक्त जागा भरल्यासारखे दाखवू नये. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाची जागा आम्ही फुकटात अडवायची असेल, तर तरुण पिढीला मदत केल्याचे समाधान आम्हाला कसे मिळणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांतला एक ६० वर्षांवरचा असेल. एवढ्या माणसांकडे फक्त खर्चाची बाजू म्हणून पाहणे कोणत्याच समाजाला परवडणारे नाही. सुरुवातीला मोठी योजना लागत नाही. प्रत्येक शाळेत, कार्यशाळेत, वाचनालयात एक माणूस असा हवा, ज्याच्याकडे निवृत्तांची यादी आहे, जो जोड्या लावतो, कोणी आले नाही तर फोन करतो आणि जोडी जमली नाही तर ती न दुखवता बदलतो. हे काम कोणाच्या तरी जबाबदारीत लिहिलेले हवे. सगळ्यांचे म्हणून सोडले तर ते कोणीच करत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा, छोट्या जाहिरातींच्या पानावर का होईना, एक चौकट द्यावी. त्यात ज्यांना ज्येष्ठांची मदत हवी आहे त्यांची मागणी छापावी, पण चार गोष्टी सांगितल्याखेरीज नको : काम कोणते, वार कोणता, वेळ किती, आणि आल्यावर कोणाला भेटायचे. ‘कोणीही, कधीही या’ असे लिहून येणारी मागणी सरळ परत पाठवावी. पहिल्या आठवड्यात एकच मागणी आली तरी ती छापावी. ती वाचून योग्य माणूस येईल याची मला खात्री आहे.

आपला,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ