रंगाचं पाणी आणि आपलं ऊन

नागपूर

प्रिय दिलीप,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या रंगाईच्या कारखान्यातल्या रंगीत सांडपाण्यात हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून उन्हात ठेवलं की काम फत्ते, असं तुला सांगणारा खोटं बोलला नाही. पण अर्धंच बोलला.

परवा गच्चीवर केलं. लाल रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं पाणी, आम्ल घालून पीएच तीनच्या आसपास आणला, चिमूटभर हिराकस, वरून पेरॉक्साइड. नागपूरचं एप्रिलचं बाराचं ऊन तुला सांगायला नको. लाल आधी विटकरी झाला, मग कोऱ्या चहासारखा, मग फिकट पिवळा. काचेला आतून बारीक बुडबुडे. बघणारा खूश होतोच बाप्पा!

ही रीत फेंटन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाची, १८९४ ची. लोह पेरॉक्साइड फोडतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अति चंचल कण निघतो, आणि तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. या झटापटीत हिराकशीतलं फेरस लोह फेरिक रूपात जाऊन थंडावतं. ऊन त्याला परत फेरस करतं, म्हणून थोड्या हिराकशीत भागतं. हिराकशीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड वापरायचंही लोक सांगतील, पण त्याला ३८७ नॅनोमीटरच्या आतलाच, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. लोहाला त्याहून जास्त ऊन कामी येतं.

आता खरी गोम. अ‍ॅझो रंगात रंग दिसतो तो दोन नायट्रोजन अणूंमधल्या जोडामुळे; तो तुटला की रंग गेला. बाकीचा रेणू, बेन्झिनच्या कड्यांसकट, पाण्यातच असतो. म्हणून रंगावर जाऊ नकोस, सीओडी बघ, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. तिथेही एक खोडा आहे: चाचणीत घालतात ते डायक्रोमेट उरलेलं पेरॉक्साइडही खाऊन संपवतं आणि सीओडी फुगून येतो. उरलेलं पेरॉक्साइड मारल्याशिवाय नमुना लॅबला देऊ नकोस, नाहीतर प्रक्रियेनंतर आकडा वाढलेला पाहून डोक्याला हात लावशील.

हिशोबही करून ठेव. एक ग्रॅम सीओडी पूर्ण जाळायला साधारण २.१ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड लागतं. म्हणजे लिटरला १००० मिलिग्रॅम सीओडी असेल, तर हजार लिटरला ५० टक्क्यांचं सव्वाचार किलो. शिवाय तुझा डायबाथ, म्हणजे रंगवून उरलेलं पाणी, सोडा अ‍ॅशमुळे अल्कली, तो तीनवर आणायला आम्ल, नंतर वर न्यायला चुना, आणि त्यातून तांबूस गाळ. त्या गाळाची विल्हेवाट कुणी फुकट लावत नाही. मिठातला क्लोराइड तर रॅडिकलच गिळतो. रंगायला मीठ ओतायचं आणि तेच मग आडवं येणार!

माझं मत विचारशील तर सगळं पाणी उन्हाने जाळण्याच्या फंदात पडू नकोस. डायबाथ वेगळा काढ. रंगवल्यावर कापड धुतात त्या कमी मिठाच्या वॉशच्या पाण्यावर हे अर्धवटच कर, रेणू तुटण्यापुरतं. उरलेलं तुझ्या ईटीपीतले (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतले) जीवाणू पचवतील. आणि रात्रपाळीचं, पावसाळ्यातलं पाणी साठवायला टाकी लागेल, ती प्लास्टिकची. आम्लाच्या पाण्याने पत्रा खाल्ला जाईल.

दोन कॅन पाठव, डायबाथ आणि पहिला वॉश वेगवेगळे. मीठ किती घातलं तेही लिही. तोवर पेरॉक्साइडचा कॅन सावलीत ठेव, साधं घट्ट झाकण लावू नकोस, वायू साठून फुगतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हे पोरांना बजाव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर