मनूला, पहिल्या नोकरीबद्दल

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला, दोन ओळींत उत्तर देणं काही जमेना, म्हणून हे लांबलचक लिहितीये. डिग्री झाली, रजिस्ट्रेशन झालं आणि आता समोर दोन ऑफर. एक मोठ्या हॉस्पिटलची, फक्त कुत्री-मांजरं, पगार चांगला, सोनोग्राफीपासून सगळी मशिनं, पण पहिल्या महिन्यापासून रात्रीची ड्युटी एकटीने. दुसरी छोटी मिक्स्ड प्रॅक्टिस, गायी-म्हशी, शेळ्या आणि थोडी कुत्री, पगार कमी, पण दोन सिनिअर डॉक्टर. आणि तू विचारतीयेस की करिअरच्या दृष्टीने कुठलं बरं.

माझं मत सरळ सांगते. प्राणी कुठले, मशिनं किती, पगार किती हे सगळं नंतर बघ, आधी हे बघ की रात्री दोन वाजता तू अडकलीस तर फोन कोण उचलणार आणि उचलल्यावर तुझ्याशी कसं बोलणार.

मी नवीन असताना एका रात्री मी आणि माझे सिनिअर सर एका गायीला बघायला गेलो होतो. नुकतीच व्यालेली, बसली होती ती उठतच नव्हती, मान वळवून कुशीला टेकवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. मिल्क फिव्हर. आपण परीक्षेसाठी घोकलेला, चिकात एवढं कॅल्शियम जातं की रक्तातलं एकदम उतरतं वगैरे, निदान सोपं आणि औषधही ठरलेलं. पण तेच कॅल्शियम शिरेतून भराभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं हेही आपण तिथेच वाचलेलं असतं, आणि टॉर्च धरून उभा असलेला मालक तुझ्या हाताकडेच बघत असतो. सर माझ्या मागे उभे होते. बाटलीला त्यांनी हात लावला नाही, एवढंच म्हणाले, "कानातला स्टेथो काढू नकोस, ठोका अडखळला की बाटली खाली घे." मी ठोके ऐकत बसले, बाटली हळूहळू उतरत होती, आधी अंगाचे स्नायू थरथरायला लागले, मग तिने ढेकर दिला, शेण टाकलं, नाकावर घामाचे थेंब दिसायला लागले, आणि थोड्या वेळाने आधी मागचे पाय उचलून ती उभी राहिली!! सर काहीच करत नाहीयेत असं मालकाला वाटलं असेल. पण पुढच्या अशाच केसला मी एकटी गेले तेव्हा हात थरथरले नाहीत, ते त्या रात्रीमुळे.

आता त्या हॉस्पिटलच्या नाइट ड्युटीचा विचार कर. मोठ्या जातीचा कुत्रा आला, पोट टम्म फुगलेलं, सारखा उलटीचा उमाळा पण बाहेर काही येत नाही. जठराला पीळ पडलाय हे तू ओळखशील, सलाईन लावशील, नळी घालून किंवा सुईने गॅसही काढशील, पण त्याला ऑपरेशन लागतं आणि तेही लवकर. तू पोट उघडल्यावर भूल कोण सांभाळणार? तू एकटीच असशील तर हा प्रश्न तुझ्या हुशारीचा राहतच नाही गं, ती सिस्टीमच चुकीची आहे. माझ्या बॅचमधल्या एकीला तिच्या पहिल्या जागी असंच सोडलं होतं, फोन केला की "बघ जमतंय का" एवढंच उत्तर यायचं. ती हुशार होती, अजूनही आहे, पण सर्जरी म्हटलं की आजही टाळते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून तिथे नुसता इंटरव्ह्यू देऊन येऊ नकोस, एक-दोन दिवस नुसतं बघायला जाते म्हणून सांग. जे नाही म्हणतील त्यांचं उत्तर तुला तिथेच मिळालं. गेल्यावर बघ एका पेशंटला किती वेळ देतात, कारण खाजणारं कुत्रं आलं की हिस्ट्री घ्यायची, कानात बघायचं, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली खरजेचे किडे शोधायचे, हे नवीन डॉक्टरला १० मिनिटांत होत नाही, मग माणूस न बघताच स्टेरॉइड देऊन मोकळा होतो आणि तीच सवय लागते. नवीन माणसाला सुरुवातीचे महिने २०-२५ मिनिटं देतात का ते विचार. तुझ्या आधी जो नवीन डॉक्टर होता तो का गेला हे विचार, आणि जमलं तर त्यालाच फोन कर, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक्स-रे काढताना जनावर धरायला कोण थांबतं, लेड एप्रन आणि डोसिमीटर बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) देतात का, रेबीजची लस आधीच घ्यायला लावतात का (तू घेतली नसशील तर कुठेही जॉइन व्हायच्या आधी घेच), हेही बघ. आणि नर्सेसशी बोल, जुन्या नर्सेस टिकल्या असतील तर जागा बहुतेक बरी असते.

मोठी जनावरं आत्ता सोडली तर परत जमणार नाहीत ही तुझी भीती अगदीच खोटी नाही. गाभण तपासायला हात बसतो तो शेकडो गायी तपासूनच, मध्ये मोठी गॅप पडली की परत वळणं अवघड जातं. उलट दिशेने त्यामानाने सोपं आहे, मिक्स्डमधून नंतर फक्त कुत्र्या-मांजरांकडे गेलेले खूपजण आहेत. त्यामुळेही माझा कल दुसऱ्या ऑफरकडे आहे, पण ते दोन सिनिअर खरंच सोबत येतात का, की नुसते बोर्डावर नाव आहे, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.

अजून एक, हे तू विचारलं नाहीस तरी लिहिते. पहिल्यांदा एखाद्या जनावराला स्वतःच्या हाताने दयामरण द्यावं लागेल, बाहेर मालक रडत असेल आणि पुढचा पेशंट बाकावर बसलेला असेल. त्या दिवशी कोणीतरी "पाच मिनिटं बस, पुढचं मी बघतो" म्हणणारं हवं. आपल्या व्यवसायात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असल्याचं बऱ्याच देशांतल्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे हा लाडाचा विषय नाही. जागा निवडताना हे पगाराच्या आधी मोज.

पगाराचं म्हणशील तर घरखर्च आणि कर्जाचा हप्ता भागत नसेल तर मी कमी पगाराची नोकरी घे म्हणणार नाही. तेवढं भागत असेल तर पहिल्या वर्षी वरच्या पैशासाठी एकटीने रात्री काढू नकोस.

ऑफर लेटरवर सही करायच्या आधी मला दोन्हींचे फोटो पाठव, बॉण्ड आणि नोटीस पिरियडचं पान नक्की, आणि ऑन-कॉलच्या रात्री महिन्याला किती आणि सोबत बॅकअप कोण हे लेखी दिलंय का तेही बघून ठेव. रविवारी मी ड्युटीवर नाहीये, दुपारी फोन कर, सगळं वाचून बोलू.

तुझीच,
रेवा