कोपराखालच्या टॉवेलबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे तर शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीचे मानायला हवेत, पण हे पत्र एका टॉवेलबद्दल आहे. क्रेनिओसॅक्रल थेरपी, म्हणजे डोकं, मान, कंबर यांवर अगदी हलका हात ठेवून करायचा उपचार, शिकायला आलो तेव्हा पहिल्या सरावाला आम्ही सगळे टेबलाच्या डोक्याच्या बाजूला बसलो होतो आणि तुम्ही मागून फिरत होतात. चूक कुणाचीच काढली नाहीत. ज्याचं कोपर अधांतरी दिसलं, त्याच्याखाली चार पदरी घडी घातलेला टॉवेल सरकवायचा आणि पुढे जायचं, एवढंच तुमचं चाललं होतं. दोन बोटं जाडीची ती घडी खाली आली आणि हाताची थरथर थांबली.

ते इतकं मनाला भिडलं, याला कारण आधीचे गुरुजी. त्यांनी पहिल्याच तासाला ‘कवटीची लय’, म्हणजे डोक्यावर हात ठेवला की बोटांना जाणवते असं म्हणतात ती मंद हालचाल, ऐकायला लावली होती. ज्याला जाणवली तो संवेदनशील, ज्याला नाही त्याने आणखी एक स्तर शिकावा, त्याची फी वेगळी. कोपर कुठे आहे, स्टूल किती उंच आहे, खांदे कानाला टेकलेत का, हे कुणी पाहिलंच नाही. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग आणि पंजा मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के भरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसात सव्वा किलोच्या आसपास. एवढं वजन खांद्याच्या स्नायूंवर तोलून धरलं, की दहा मिनिटांत हात बारीक थरथरू लागतो. त्यात बोटाच्या टोकांना स्वतःचीच नाडी लागते. मग तीच थरथर आणि तीच नाडी समोरच्याच्या डोक्यातली लय म्हणून वहीत नोंदवली जाते! तुमच्या टॉवेलने हा सगळा घोळ न बोलता निस्तरला.

हे पत्र उघडपणे लिहितोय ते या टेबलावर पहिल्यांदा झोपणाऱ्यांसाठीही. म्हणून दोन शब्द थेरपीविषयी. क्रेनिओ म्हणजे कवटी, सॅक्रल म्हणजे कमरेच्या तळाचं त्रिकोणी हाड, त्रिकास्थी. मेंदू आणि मेरुरज्जूभोवती ड्युरा नावाचं चिवट आवरण असतं. ते कवटीला आतून अस्तरासारखं चिकटलेलं, मानेच्या वरच्या मणक्यांना धरलेलं आणि खाली त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याशी जोडलेलं असतं. आत मस्तिष्क-मेरुद्रव असतो, मोठ्या माणसात सुमारे 150 मिलिलिटर. दिवसाला जवळजवळ 500 मिलिलिटर नवा तयार होतो आणि तितकाच रक्तात परत जातो. विल्यम सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथने (हाडं, सांधे, स्नायूंवर हाताने उपचार करणारा) 1899च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच, सुट्या कवटीतल्या हाडांच्या तिरप्या कडा पाहून ही हाडं हलत असावीत अशी कल्पना केली. जॉन अपलेजर या दुसऱ्या अमेरिकन ऑस्टिओपॅथना 1970च्या आसपास मानेच्या एका शस्त्रक्रियेत ते आवरण तालात हलताना दिसलं. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात काम करून त्यांनी त्याला आजची दहा टप्प्यांची शिस्त दिली.

इथवर सगळेच सांगतात. त्यापुढचं तुम्ही सांगितलंत म्हणून हे आभार. मिनिटाला सहा ते बारा आवर्तनांची एक स्वतंत्र लय असते, असं पुस्तकात आहे. पण दोन प्रशिक्षित व्यक्तींनी एकाच माणसावर मोजलेले आकडे जुळत नाहीत, हे एकाहून जास्त अभ्यासांत दिसलं आहे. द्रव हलतो तो हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने, ते एमआरआयमध्ये दिसतं. मोठेपणी कवटीची हाडं शिवणींनी, म्हणजे हाडांमधल्या सांध्यांनी, घट्ट बसलेली असतात, या थेरपीतल्या पाच ग्रॅमच्या स्पर्शाने ती सरकत नाहीत. परिणामाचे पुरावे उलटसुलट आहेत. 1999च्या कॅनडातल्या आढाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. 2016च्या एका जर्मन चाचणीत मानेचं जुनाट दुखणं असलेल्या 54 जणांना आठवड्यातून एक अशी आठ सत्रं दिली, तेव्हा नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा याचा फायदा जास्त दिसला. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यात आणि म्हणालात, “एक तास शांत पडून मान सैल झाली, झोप लागली, तर तेवढं सांगा. मेंदूतला अडथळा काढला म्हणू नका.” या क्षेत्रात इतकं सरळ बोलणारं माणूस दुर्मीळ आहे. कर्करोगापासून स्वमग्नतेपर्यंत सगळं बरं करून देणारे मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत.

पुन्हा टॉवेलकडे येतो, कारण पाच ग्रॅमचा अर्थ त्यानेच कळला. पाच ग्रॅम म्हणजे एका लहान नाण्याचं वजन. सव्वा किलोचा हात समोरच्याच्या कपाळावर ठेवून त्यातले फक्त पाच ग्रॅम तिथे पोचवायचे, तर उरलेलं सगळं वजन कुठेतरी टेकलेलं हवं. म्हणून आधी टेबल, मग स्टूल, मग टॉवेल आणि शेवटी बोटं. आधीच्या वर्गात हा क्रम नेमका उलटा होता. कपाळाचं हाड धरताना दोन्ही कोपरं गादीवर टेकतात, अनामिका भुवईच्या बाहेरच्या टोकाजवळच्या कडेवर येते आणि ओढ छताच्या दिशेने, असून नसल्यासारखी असते. कातडी पांढरी पडली तर दाब जास्त झाला. भुवया वर ओढल्या गेल्या तर हाड धरलेलं नाही, नुसती कातडी धरली आहे.

पाच ग्रॅम हे वरून ठेवलेल्या हातासाठी. खालचा हात निराळा, तिथे तर चार-पाच किलोचं डोकं हातावर येतं. एका पंज्यात दुसरा पंजा, अंगठ्यांचा व्ही, त्याचं टोक मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या रेषेत आणि डोकं अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल गाद्यांवर. गाद्या कानामागच्या हाडाकडे सरकल्या तर शिवणीवर दाब येऊन डोकं जड होतं, म्हणून त्या मधल्या रेषेजवळ हव्यात. या पकडीत हाताने काही करायचं नसतं, डोक्याने टेकायचं असतं. त्रिकास्थीखालीही तसंच. समोरच्याला गुडघा वाकवून कंबर किंचित उचलायला सांगायची आणि बाजूने तळहात वर ठेवून आत न्यायचा. बोटांची टोकं कमरेच्या शेवटच्या मणक्याकडे आणि माकडहाड तळहाताच्या बुडाशी. मागच्या खिशात पाकीट राहिलं असेल तर ते तुमच्या बोटांवर आणि त्यांच्या कमरेवर एकदमच रुततं. पट्टा, अंबाडा, केसांतली पिन, कानातलं, चष्मा हे सगळं आधीच काढायला सांगावं. बाकी कपडे अंगावरच राहतात, तेल लागत नाही.

सुरुवात पायांपासून, घोट्याला नुसता हात ठेवून. मग ओटीपोट, श्वासपटल, छातीचा वरचा भाग, गळा, कवटीचा तळ. एकेका जागी तीन ते पाच मिनिटं. श्वासपटलावर एक हात पाठीखाली, एक वर. इथे नवशिके स्वतःचाच श्वास धरून बसतात आणि समोरचाही नकळत धरतो. हात बर्फासारखे असतील तर पाच ग्रॅम काय, अर्धा ग्रॅमही जड. पोट भरून आलेल्याला अर्धा-पाऊण तास थांबवावं.

नकार कुठे द्यायचा, हे तुम्ही पकडींच्या आधी शिकवलंत. मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेला, धमनीला फुगा, कवटीला तडा, कवटीतला दाब वाढलेला, नुकतंच पाठीतून पाणी काढलेलं किंवा द्रव गळत असलेला, मेंदूचा भाग खाली सरकलेला, यांपैकी काही असेल तर हात लावायचा नाही. अचानक उठलेली, आयुष्यातली सगळ्यांत तीव्र डोकेदुखी, एका बाजूचा अशक्तपणा, तापासोबत आखडलेली मान यांना टेबल नाही, दवाखाना. तान्ह्या बाळाच्या टाळूवर दाब कधीच नाही, आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञ. आधीच्या गुरुजींच्या छापील पानावर ही यादी शेवटी होती, बारीक अक्षरांत, आणि तीही अर्धी.

आणखी एक पाहिलं. हात काढताना तुम्ही “आता हात काढते” असं म्हणून चार-पाच श्वास घेता आणि मगच बोटं सैल सोडता. हात झटकन काढला तर झोपलेला माणूस दचकतो आणि तासाभरात सैल झालेली मान पुन्हा आखडते. ‘काढते’ म्हणावं, विचारावं, थांबावं, हे कुठल्याही दहा टप्प्यांत लिहिलेलं नाही. आधाराशिवाय कुणाला ताटकळत ठेवू नये, हे मात्र तुम्हाला शिकणाऱ्याच्या कोपराबाबतही सुचलं. चांगुलपणा म्हणतात तो बहुधा असाच असतो, कुणाच्या लक्षात न येणारा.

उठवतानाही घाई नाही. आधी कुशीवर, मग हाताचा रेटा देऊन बसायचं, दोन मिनिटं पाय लोंबते, मग उभं. थेट उठलं की घेरी येते आणि त्याला लोक ‘ऊर्जा मोकळी झाली’ म्हणतात. ते रक्तदाबाचं काम आहे, एवढंच.

टेबलाशेजारी आता दोन टॉवेल असतात. तुमचा मात्र परत द्यायचा राहिला, धुऊन ठेवला आहे.

आपले,
तुमच्याकडे शिकलेले सगळे