अठरा वर्षं पूर्ण झाली, आता पुस्तक कोण देणार?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : दिव्यांग विद्यार्थ्यांना वाचता येईल असा मराठी अभ्यासमजकूर आणि परीक्षेतील लेखनिकाची व्यवस्था

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हे पत्र रॅम्पबद्दल नाही, हे आधीच सांगते. रॅम्प झालेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की रॅम्प होतो, त्याचा जिओ-टॅग फोटो अहवालात जातो, आणि समिती गेली की त्याच्या तोंडाशी कुणाची तरी गाडी लागते, तो भाग वेगळा. नॅकच्या त्याच निकषात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली), वाचक, विद्यार्थी सांगेल ती उत्तरं लिहून देणारा लेखनिक आणि मजकुराची सॉफ्ट कॉपी यांचाही उल्लेख आहे. त्यांचा फोटो चांगला येत नाही म्हणून असेल कदाचित, पण तिकडे कुणी फिरकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम १७ सांगतं की लक्षणीय, म्हणजे किमान चाळीस टक्के, दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, अभ्याससाहित्य आणि सहाय्यक साधनं मोफत द्यावीत, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. कलम ३१ मधला मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा असाच. पुढचंच कलम ३२ सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला आणि वयात पाच वर्षांची सूट द्यायला सांगतं. म्हणजे मूल एफवायबीएला आलं की त्याला जागा मिळते आणि पुस्तकाची हमी संपते. बारावीपर्यंत जे सरकारचं काम होतं ते कॉलेजात आईबापाचं होतं. केंद्राचा कायदा आपल्या हातात नाही, हे मान्य. पण राज्याने अठराच्या पुढे जाऊ नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्यासाठी लागणारा पैसाही फार मोठा नाही. अडचण पैशाची कमी आणि फॉन्टची जास्त आहे.

आपल्याकडे नोट्स, प्रश्नसंच आणि बरीचशी नेमलेली पुस्तकं आजही छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळवली जातात, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, नाही. डोळ्यांना ‘लोकशाही’ दिसतं. पण फाइलच्या आत देवनागरी अक्षर एकही नसतं. रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. दृष्टिहीन विद्यार्थी ती पीडीएफ स्क्रीन रीडरने उघडतो तेव्हा त्याच्या कानावर पडतं, ‘बी एम ओ एच डॉलर ई एम एच आर’. ही लोकशाही. पुढची दोनशे पानं अशीच. आणि फाइल स्कॅन केलेली असली तर तेवढंही नाही, पान कोरं असल्याचंच स्क्रीन रीडर सांगतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हा त्रास एवढा नाही, कारण त्याची अक्षरं मुळात रोमनच. ज्याने मराठीतून शिकायचं ठरवलं, तोच अडकतो. अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद आम्हीही साजरा केला, म्हणून हे जरा जास्तच लागतं.

आमच्या ग्रंथालयात येणारी एक विद्यार्थिनी फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने लावून ऐकते की मला त्यातला एक शब्द सुटा करता येत नाही. तासाभरात ती अख्खं प्रकरण संपवते. तिला शिक्षक, यंत्र, अनुदान यांतलं काहीही जादा नको आहे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. तिला फक्त मजकूर युनिकोडमध्ये हवा आहे. नाही मिळाला की ती मैत्रिणीला पुस्तक वाचून रेकॉर्ड करायला सांगते, आणि मैत्रिणीला वेळ होईल तेव्हा तिचा अभ्यास होतो.

महोदय, शासनाने स्वतःच्या कामकाजासाठी युनिकोड मराठी केव्हाच स्वीकारलं आहे. तोच नियम विद्यापीठांनी काढलेल्या प्रत्येक मजकुराला लावायचा, एवढंच मागणं आहे. नेमलेल्या पुस्तकांचं तर आणखी सोपं आहे. पुस्तक नेमलं जावं म्हणून प्रकाशक अभ्यास मंडळाच्या सदस्यांकडे किती खेपा घालतात, ते आम्ही पाहतो. पुस्तक नेमताना त्याची युनिकोड फाइल विद्यापीठाकडे जमा करायची अट घाला. एकही प्रकाशक नाही म्हणणार नाही. कॉपीराइटचं कारण कुणी पुढे केलं तर २०१२ ची दुरुस्ती दाखवावी. दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुगम रूपांतर करायला तिने परवानगी दिलेली आहे. जुन्या पुस्तकांचं रूपांतर यंत्राने होतं, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, त्यामुळे माणसाने वाचून दुरुस्त करावं लागतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले थोडे तास या मुद्रितशोधनाला दिले, तर झाडं लावल्याच्या फोटोंपेक्षा काही वाईट होणार नाही.

आता परीक्षा. लेखनिक कुणी आणायचा? नियम काहीही असो, तालुक्याच्या गावी तो विद्यार्थीच आणतो. स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, अशी अट केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनी घातली. म्हणजे टीवायच्या मुलीने एसवायची मुलगी शोधायची, जिचे स्वतःचे पेपर त्याच आठवड्यात असतात. शेवटी अकरावीतला चुलतभाऊ येतो. ती ‘सार्वभौमत्व’ सांगते, तो विचारतो, ‘ताई, त्व कसा काढू?’ आणि पर्यवेक्षक दोघांवर ओरडतो. मराठीच्या पेपरात परीक्षक गुण कापतो ते या चुलतभावाच्या शुद्धलेखनाचे. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं. त्या पन्नास मिनिटांत बाकीचे वर्ग सुटलेले असतात, व्हरांड्यात गोंधळ असतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला शिपाई दारात उभा असतो. एकाच दिवशी दोन सत्रांत पेपर आले तर हा जादा वेळ तिच्या जेवणाच्या सुट्टीतून जातो. वेळापत्रक करणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही.

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेला जिल्हा पातळीवर लेखनिकांची यादी करण्याची मुभा दिलेली होती. नुसती मुभाच होती, म्हणून कुणी यादी केली नाही. आपण ती सक्तीची करावी, आणि लेखनिकाचं मानधन व एसटीचं भाडं परीक्षा विभागाने द्यावं. त्याच सूचनांमध्ये आणखी एक वाक्य होतं, जे माझ्या मते सगळ्यांत मोलाचं आहे : शक्य तिथे उमेदवाराला ब्रेलमध्ये, संगणकावर किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करून परीक्षा देण्याचा पर्याय द्यावा. आमच्या त्या विद्यार्थिनीला इनस्क्रिप्ट या कळफलकावर मराठी टाइप करता येतं. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणि इंटरनेट बंद केलेला एक संगणक एवढं मिळालं, तर तिला लेखनिकच लागणार नाही. तिची उत्तरं तिची असतील, चुकांसकट. कॉलेजात संगणक कक्ष आहे. परवानगी मात्र प्राचार्य देऊ शकत नाहीत, आणि विद्यापीठाला विचारलं तर ‘तशी तरतूद नाही’ असं उत्तर येतं.

लेखनिक फक्त दृष्टिहीनांनाच लागतो असंही नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नसलं तरी, लेखनिक नाकारता येत नाही. परीक्षा केंद्रांवर आजही पहिला प्रश्न ‘टक्के किती?’ हाच असतो. हा निकाल मराठीत, एका पानात, प्रत्येक केंद्राच्या सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे?

कर्णबधिर विद्यार्थ्यांबद्दल मी इथे लिहिलेलं नाही. त्यांच्या वर्गात दुभाषी नसण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांचा जास्त.

फक्त एक गोष्ट वेळेची आहे. हिवाळी सत्राचे परीक्षा अर्ज पोर्टलवर सुरू होण्याआधी शासन निर्णय निघाला, तर त्या अर्जातच ‘उत्तरे संगणकावर लिहिणार’ आणि ‘विद्यापीठाकडून लेखनिक हवा’ असे दोन रकाने टाकता येतील. अर्ज एकदा सुरू झाले की परीक्षा विभाग नमुन्याला हात लावत नाही, आणि आमच्या टीवायच्या मुलीकडे आता फार सत्रं उरलेली नाहीत.

कळावे,
आपली,
अनुदानित महाविद्यालयातील एक ग्रंथपाल