पीटीच्या सरांचा मुलगा

ती. आई-बाबांना,
सा. न.

ताईने अर्धं सांगितलंच असेल. उरलेलं मी लिहितो. फोनवर बोललो असतो तर आईने मध्येच "जेवलास का" विचारलं असतं, आणि बाबांनी "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता.

तर बातमी अशी, की इथे टेक्सासमध्ये आमच्या शाळेच्या बेसबॉल संघाचा हेड कोच म्हणून माझी नेमणूक झाली आहे. स्कूल बोर्डाच्या बैठकीत मंजुरी मिळाली, मी सहीही केली. म्हणजे हे पत्र परवानगीसाठी नाही, हे बाबांना पहिल्या ओळीतच कळलं असेल. दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जातंय. सराव जानेवारीच्या अखेरीस सुरू होतो, फेब्रुवारीत सामने लागतात. मार्चमध्ये बाबांच्या पंचाहत्तरीला मला येता येणार नाही.

शाळेच्या वसंत सुट्टीत पळत येऊन जाता येईल का, तेही बघितलं. पण नेमक्या त्याच आठवड्यात स्पर्धा असते, आणि पहिल्याच वर्षी हेड कोच गायब असणं शोभणार नाही. त्या सुट्टीत चिऊ आणि तिची आई मात्र नक्की येणार आहेत, तिकिटं काढून झाली. औक्षणाला नात असेल, मुलाची जागा तेवढी मोकळी ठेवा. बाबा तसेही म्हणतातच, "कशाला थाटमाट." पण ताईने हॉल धरलाय, तेव्हा निमूट नवा सदरा घालून बसायचं.

मी जूनमध्ये येतो, आणि या वेळी महिनाभर. आयटीत होतो तेव्हा दोन आठवड्यांची रजा मिळवायला काय काय करावं लागायचं, ते तुम्ही पाहिलंय. निम्मे दिवस तर लॅपटॉप उघडून तुमच्या देवघराशेजारी बसायचो, आणि आईला वाटायचं मी चिडलोय. आता शाळेची सुट्टी ती सुट्टीच. भरताचे दिवस हुकतील, त्याला इलाज नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी जूनमध्येही चालते.

आयटी सोडून गणित शिकवायला लागलो तेव्हा तुम्ही दोघं गप्प झालात. मग आईने शेजारी "अमेरिकेत प्रोफेसर आहे" असं सांगून टाकलं, आणि ते तसंच राहिलं. आता "प्रोफेसर" बेसबॉलपण शिकवतो हे कसं सांगायचं, याची पंचाईत होणार, दिसतंय मला. "खेळाचे सर झालाय" म्हणून सांग, आई. त्यात काय कमी आहे?

बाबांना काय वाटेल ते मला माहीत आहे. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेला माणूस. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलेल्या संस्थेचा विद्यार्थी. आणि अमळनेरच्या शाळेत त्याच्या वाट्याला काय आलं? जनगणना, निवडणूक, सव्वीस जानेवारीचं संचलन, आणि पोर्शन राहिला म्हणून गणिताच्या सरांनी मागून घेतलेला पीटीचा तास. "गळ्यात शिट्टी घालू नकोस," एवढंच तुम्ही मला सांगितलंत, आणि मी इंजिनिअर झालो. नदीकाठच्या शेताचं मी विसरलेलो नाही. म्हणून हे परत परत लिहितोय: जे शिक्षण तुम्ही दिलंत ते वाया गेलेलं नाही. त्याच्यावर घर झालं, ग्रीन कार्ड झालं, चिऊच्या कॉलेजची तजवीज झाली. हे सगळं मार्गी लागल्यावरच मी शाळेत शिरलो. आणि बाबा, शिट्टी इथे फारशी लागत नाही. बेसबॉलचा कोच तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्याजवळ, उभा राहून टोपीला, कानाला, पट्ट्याला हात लावतो, आणि बॅटरने त्यातलं खरं कुठलं ते ओळखायचं. तुम्ही खो-खोला नुसत्या भुवईने "दिशा बदल" सांगायचात, त्याच जातीचं काम.

हा कोच मुळात असतो तरी कोण, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण मलाही इथे येऊन बरीच वर्षं कळलं नव्हतं. टीव्हीवर दिसतात ते लठ्ठ पगाराचे लोक वेगळे. टेक्सासमध्ये शाळांच्या स्पर्धा यूआयएल नावाची संस्था भरवते, 1910पासूनची, टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखालची. ती बेसबॉल भरवते तशीच गणिताची, स्पेलिंगची, वक्तृत्वाची आणि एकांकिकेचीही स्पर्धा भरवते. तिच्या नियमाने शाळेच्या संघाचा कोच हा तिथल्या शाळांचा पूर्ण वेळचा नोकर असावा लागतो. म्हणून इथला कोच सकाळी इतिहास नाहीतर विज्ञान शिकवतो, दुपारी मैदानावर जातो, आणि कोच म्हणून वर थोडा भत्ता मिळतो. मी सुरुवातीला चिऊच्या लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, संघात हौसेने गुणलेखन करायचो. तिने खेळ सोडला, मी राहिलो. पण शाळेत शिकवायचं तर शिक्षकाचं प्रमाणपत्र हवं. म्हणून गणिताची परीक्षा दिली, आणि नववीच्या पोरांच्या संघापासून सुरुवात केली. तिथून जेव्ही, म्हणजे दुय्यम संघ, आणि आता हे.

कॉलेजात बेसबॉल न खेळलेला, उच्चार वेगळा असलेला माणूस बघून पालकांच्या भुवया वर गेल्या, नाही असं नाही. पण ग्राउंड बॉल, म्हणजे जमिनीलगत येणारा चेंडू, घ्यायला शिकवायचं होतं, आणि ते मला येत होतं. आपल्या शाळेचा सॉफ्टबॉलचा संघ आठवा. मोच्याकडून पुन्हा पुन्हा शिवून आणलेले ग्लोव्ह्ज, आणि तुमचं ओरडणं, "हात नंतर, पाय आधी!" जळगाव जिल्ह्यातली पोरं जे शिकली तेच ही शिकतात. बेस साठऐवजी नव्वद फुटांवर, चेंडू लहान, फेक वरून, पण पाय आधीच. क्रिकेटने तुमचं मैदान खाल्लं म्हणून तुमचा राग आहे ना? इथे क्रिकेट नाही. इथे मैदान फुटबॉल खातं, आणि बेसबॉलचे कोच त्यावर अगदी तुमच्याच सुरात कुरकुरतात.

दोन गोष्टी तुम्हाला आवडतील म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिली म्हणजे टेक्सासचा 1984चा कायदा. एखाद्या विषयात 70च्या खाली गुण आले की मुलगा निदान तीन आठवडे सामन्याबाहेर. सरावाला येऊ शकतो, खेळू शकत नाही. आता गणिताचा सर मी आणि कोचही मीच. मागच्या वर्षी जेव्हीचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, माझ्याच बीजगणितात 68वर अडकला, आणि त्याने वर्गाबाहेर मला गाठलं. काय उत्तर दिलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट पोरांच्या कोपरांची. पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, जो चेंडू फेकतो त्याचा मोठा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर येतो. 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरचा तो तुटला. फ्रँक जोब या डॉक्टरांनी त्याच्याच दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून तिथे बसवला, आणि तो 1976मध्ये परतला तो 1989पर्यंत खेळला. आता त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. वाईट एवढंच, की मोठ्यांचं हे दुखणं आता शाळकरी मुलांपर्यंत आलंय. म्हणून 2017च्या हंगामापासून देशभरच्या शाळांना पिचची, म्हणजे पिचरने किती चेंडू टाकायचे त्याची, मर्यादा सक्तीची झाली. ती किती ते प्रत्येक राज्य ठरवतं. आमच्याकडे एका दिवसात 110, आणि 86 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मी तर पिचरला बऱ्याचदा त्याच्या आधीच काढतो. एकदा एका वडिलांनी जाळीपलीकडून सुनावलं, "कॉलेजचे लोक बघायला आलेत, अजून एक इनिंग द्या त्याला." नाही दिली. तुम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पाय मुरगळलेली कॅप्टन बाहेर बसवलीत आणि हेडसर आठवडाभर बोलले नाहीत, ते मी घरात बसून बघितलेलं आहे.

इथे बेसबॉलचा कोच म्हटलं की कुणीतरी जिम मॉरिसची गोष्ट सांगतंच. बिग लेक नावाच्या लहान गावात तो विज्ञान शिकवायचा आणि कोच होता. ऐन उमेदीत हात दुखावला म्हणून खेळणं सुटलेलं. पोरांनी त्याच्याशी पैज लावली, की आम्ही डिस्ट्रिक्टची स्पर्धा जिंकलो तर सर, तुम्ही पुन्हा चाचणीला जायचं. पोरं जिंकली. तो गेला, ताशी 98 मैलांनी चेंडू टाकला, आणि 1999च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या 35व्या वर्षी, मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, उतरला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. आई, घाबरू नकोस, माझा असा काही बेत नाही. माझा खांदा माळ्यावरची परात काढतानाच कुरकुरतो. आणि खरं सांगू, मला त्या गोष्टीतला सप्टेंबर आवडत नाही, त्याच्या आधीची वर्षं आवडतात. त्यांवर कोणी सिनेमा काढत नाही.

आता आईचे प्रश्न, तू विचारायच्या आत.

जेवणाचं ठीक आहे. डबा नेतो, दुपारी दुसरा छोटा डबा असतो, थर्मासात चहा. सामने मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. त्या दिवशी घरी यायला रात्र होते, तेव्हा खिचडी लावून ठेवलेली असते. ऊन लागतं, पण रुंद काठाची टोपी घालतो आणि मलम फासतो. चेंडू लागायचं म्हणशील तर सरावात मी जाळीच्या आडोशाने उभा असतो. बेसपाशी उभं राहताना मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, तरी मी घालतो. विजा कडाडल्या की खेळ थांबतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी मैदानात पाऊल टाकत नाही.

एक गोष्ट ताईने सांगितली नसेल तर माझ्याकडून ऐक. मी शाळेची बस चालवतो. इथे बरेच कोच चालवतात, त्याचा वेगळा परवाना काढावा लागतो, तो काढलाय. पोरांचे गणवेशही शाळेच्या मशीनला आम्हीच लावतो. तू कपाळाला हात लावला असशील. लाव, पण हसून. बाबा सहलीला एसटीच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून रात्रभर जागायचे, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर झोपायचो. आता पोरं मागे झोपतात, मी जागा असतो. आणि पगार कमी झाला तरी निवृत्तिवेतन आहे! टेक्सासच्या शिक्षकांना पेन्शन मिळते, बाबा. तुमच्या जावयाला हे आवर्जून सांगा, त्याला माझी फार काळजी असते.

आता माझं ऐकायचं. बाबा, स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. "आता बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. पोरांनी दिलं असतं तर तुम्ही छडी काढली असती. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बघायला स्वतः चढायचं नाही, खालच्या भाडेकरूच्या मुलाला हाक मारायची. त्याला मी सांगून ठेवलंय. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवणारा माणूस ताई याच महिन्यात पाठवेल, त्याला "नको" म्हणून परत पाठवायचं नाही. आई, तुझे पाय रोज रात्री बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. साखर असलेल्या माणसाने घरातही चपला घालायच्या, देवघरापुरत्या काढ. उपासाला साबुदाणा कमी. मी रागावून लिहीत नाहीये, लांबून रागावताही येत नाही नीट. फोन तुमच्या सकाळी साडेसातला करत जाईन. तेव्हा इथे रात्र असते आणि मी मोकळा असतो. सामन्याच्या दिवशी नाही आला तर रुसू नका, बसमध्ये असेन.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या मैदानात दुसऱ्या बेसच्या मागे, माती संपून गवत लागतं तिथे, झाडून झाडून मातीचा बारीक बांध तयार झालाय. पाऊस पडला की पाणी त्याला अडतं आणि आत थारोळं होतं. इथले लोक वर कोरडी माती टाकायला सांगतात, मला ते पटत नाही. शाळेच्या कबड्डीच्या मैदानाला तुम्ही उतार काढून दिला होतात, तेव्हा आधी कड खरवडली होती की मुरूम टाकला होता? आणि दोरी कुठून धरली होती? फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवतोय. चष्मा लावून नीट बघा आणि कागदावर काढून पाठवा, मापांसकट. नुसता अंगठा दाखवून भागणार नाही. सराव सुरू व्हायच्या आत मला ते करून घ्यायचंय.

तुमचा,
बाळ्या