धाब्याचा कठडा आणि ६१३ आज्ञा

संपादक महोदय,

यहुदी धर्मात परंपरेने तोरा या धर्मग्रंथातून मोजलेल्या ६१३ आज्ञा आज पाळणे अशक्य आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यापासून बळी व याजकांविषयीच्या पुष्कळ आज्ञा आचरणात उरल्या नाहीत, आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्यासारख्या काही मूळच्याच इस्रायलच्या भूमीपुरत्या आहेत. तरीही राब्बी (यहुदी धर्मगुरू) इस्रायल मेईर कागान यांनी विसाव्या शतकात, आज कुठेही पाळता येतील अशा ७७ विधिरूप (‘हे करावे’) व १९४ निषेधरूप (‘हे करू नये’) आज्ञा वेगळ्या काढून दाखवल्या.

त्या वाचताना आपले खानदेशातले खळे डोळ्यांसमोर येते. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये. मजुराची मजुरी ठरल्या वेळेपुढे अडवू नये. सपाट छताला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून मरणार नाही. आमच्या घराच्या धाब्याला, म्हणजे सपाट मातीच्या छताला, कठडा नव्हता. उन्हाळ्यात वर झोपलेला माझा धाकटा भाऊ पहाटे झोपेतच अंगणात पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हापासून ही आज्ञा मला परक्या धर्माची वाटलेली नाही.

शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सणवार, आहार यांविषयी थोडेफार छापून येते. माणसामाणसांतल्या व्यवहाराच्या या आज्ञांविषयीही आपण सविस्तर लेखमाला द्यावी, ही विनंती.

आपला एक वाचक,
अमळनेर (जि. जळगाव)